डेटा सेंटरची वीज आणि मराठवाड्याचा हिशेब

(वाटूर, ता. परतूर, जि. जालना येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य वाटूरमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. तलाठी कार्यालयात, रेशनच्या दुकानात, बँकेच्या खिडकीपुढे ते सगळ्यांनी ऐकलेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि कापूस किती, सोयाबीन किती, ही नोंद शेतकरी बांधावर उभा राहून मोबाइलवर करू लागला. सातबारा ऑनलाइन झाला, रेशनचा अंगठा ई-पॉस यंत्रावर आला, फाट्यावरच्या टपऱ्यांवर क्यूआर कोडचे पुठ्ठे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरातले यूपीआय व्यवहार एका महिन्यात दोन हजार कोटींच्या पुढे गेले.

या प्रत्येक नोंदीच्या दुसऱ्या टोकाला एक इमारत असते. तिला जमीन लागते, पाणी लागते आणि क्षणाचाही खंड न पडता चोवीस तास वीज लागते. ती इमारत, तिची वीज आणि त्या विजेशी मराठवाड्याचा जुळत चाललेला संबंध, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा संबंध पुढेमागे येणार असे म्हणण्याचे दिवस गेले. धाराशिवच्या वाऱ्यापासून तो सुरू झाला आहे.

मुंबईच का?

देशातल्या डेटा सेंटरची एकूण क्षमता २०२४ मध्ये साधारण एक हजार मेगावॉटच्या घरात होती आणि त्यातली निम्म्याच्या आसपास एकट्या मुंबई परिसरात. याला कारणे आहेत. समुद्राखालून येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींपैकी बऱ्याच वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वर येतात. शेअर बाजार, रिझर्व्ह बँक, मोठ्या बँकांची मुख्यालये मुंबईत आहेत. आणि मुंबईची वीज उर्वरित महाराष्ट्राच्या मानाने कायम भरवशाची राहिली आहे.

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून क्लाउड सेवा सुरू केली. अॅमेझॉनची सेवा जून २०१६ मध्ये मुंबईतून सुरू झाली, गूगलची २०१७ मध्ये. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला की, भारतातल्या पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठवली पाहिजे. त्या एका परिपत्रकाने कंपन्यांना इथे जागा घ्यायला लावल्या. २०२२ मध्ये केंद्राने ५ मेगावॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. रस्ते आणि बंदरांना मिळते तसे स्वस्त, दीर्घ मुदतीचे कर्ज त्यांना मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

ठाणे-बेलापूर रस्त्याने गेले तर हा बदल डोळ्यांनी दिसतो. ऐरोली, रबाळे, महापे हा एमआयडीसीचा जुना पट्टा. तिथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने होते. आज त्यांच्या शेजारी खिडक्या नसलेल्या, सहा-आठ मजली राखी इमारती उभ्या आहेत. फाटकावर पहारा आहे, पण पाळी सुटल्यावर कामगारांचे लोंढे बाहेर पडताना दिसत नाहीत. छपरावर शीतयंत्रांच्या रांगा, मागच्या अंगाला डिझेल जनरेटर आणि आवारातच स्वतंत्र वीज उपकेंद्र. पनवेलजवळ हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे प्रचंड केंद्र २०२० मध्ये सुरू झाले.

वीज जाते तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातल्या पारेषण वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग अंधारात गेला. लोकल जागच्या जागी थांबल्या, प्रवासी रुळांवर उतरून चालू लागले, मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. करोनाचा काळ होता, रुग्णालये जनरेटरवर गेली. त्याच तासांत मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांचे व्यवहार मात्र नेहमीसारखे चालू राहिले.

हे कसे झाले, ते जवळून पाहण्यासारखे आहे. डेटा सेंटरमध्ये बाहेरची वीज गेली की सर्व्हरला ते कळतही नाही. ग्रिड आणि सर्व्हर यांच्यामध्ये यूपीएस बसवलेले असते आणि त्याच्यामागे बॅटऱ्यांनी भरलेली खोली. वीज जाताच भार बॅटऱ्यांवर येतो. साधारण दहा-पंधरा सेकंदांत डिझेल जनरेटर सुरू होतात, एकमेकांशी जुळवून घेतात आणि भार उचलतात. बॅटरीने धरायचे ते एवढ्याच वेळापुरते, पण तिची तयारी काही मिनिटांची ठेवलेली असते. एक जनरेटर चालू झाला नाही तर दुसरा असतो, एक वाहिनी तुटली तर दुसऱ्या उपकेंद्रावरून आलेली दुसरी असते. सगळेच दुहेरी. या दुहेरीपणाचा खर्च क्लाउडच्या दरात धरलेला असतो आणि त्या जनरेटरचा धूर आसपासच्या वस्तीवर जातो.

वाटूरच्या शेतकऱ्याला यातला फरक वेगळा सांगायला नको. डीपी जळाली की नवी येईपर्यंत मोसंबीची बाग वाळते. तिथे सेकंदांचा हिशेब कुणी ठेवत नाही, दिवसांचा ठेवतात.

पंपाच्या मापाने

डेटा सेंटरची क्षमता मेगावॉटमध्ये सांगतात. शिवारात सगळ्यांना ओळखीचे माप घेऊन ती पाहू. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॉट. सर्व्हर लोखंडी कपाटांत रचलेले असतात, त्याला रॅक म्हणतात. जुन्या पद्धतीचा एक रॅक पाच-दहा किलोवॉट घेई, म्हणजे एक ते तीन पंपांइतका. आता कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एनव्हिडिया कंपनीची जी यंत्रणा येते, तिचा एक रॅक सुमारे १२० किलोवॉट घेतो. कपाट एक, पंप बत्तीस. पन्नास मेगावॉटचे डेटा सेंटर पूर्ण भाराने चालले तर पाच अश्वशक्तीचे तेरा हजारांहून अधिक पंप एकाच वेळी चालल्यासारखे आहे. त्यातही पंप दिवसाचे आठ तास आणि हंगामातच चालतो. डेटा सेंटरला रात्र नाही आणि हंगामही नाही.

शिवाय सर्व्हरने घेतलेल्या प्रत्येक युनिटची शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर काढायला आणखी वीज लागते. संगणनाला एक युनिट लागले, तर संपूर्ण इमारतीने किती युनिट घेतली, असे गुणोत्तर या धंद्यात मोजतात. जगाची सरासरी दीडच्या थोडी वर आहे. गूगलसारख्या कंपन्यांनी ते १.१ पर्यंत खाली आणले. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात मेटा कंपनीच्या डेटा सेंटरची उष्णता थंडीत घरे तापवायला वापरतात. पनवेलला मे महिन्यात ती उष्णता कुणाला हवी असणार? ती हवेतच सोडावी लागते.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, जगातल्या डेटा सेंटरनी २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण वापराच्या दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून अधिक, ९४५ अब्ज युनिटच्या आसपास जाईल, असा तिचा अंदाज आहे. दीड टक्का लहान वाटतो. पण डेटा सेंटर जगभर सारखी पसरलेली नसतात, ती एका जागी दाटी करतात. आयर्लंडमध्ये २०१५ साली ती देशाच्या ५ टक्के वीज घेत होती. २०२३ मध्ये ती २१ टक्क्यांवर गेली, म्हणजे शहरांतल्या सगळ्या घरांच्या एकत्रित वापराहून जास्त. डब्लिनच्या परिसरात नव्या जोडण्या जवळजवळ थांबवाव्या लागल्या. सिंगापूरने २०१९ पासून तीनेक वर्षे नव्या डेटा सेंटरना परवानगीच दिली नाही. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२४ मध्ये थ्री माइल आयलंड इथली बंद पडलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करून तिची वीज वीस वर्षे घेण्याचा करार केला.

मुंबईची गोष्टही याच वळणावर आली आहे. शहराबाहेरून वीज आत आणायच्या वाहिन्या अपुऱ्या होत्या, ते २०२० च्या अंधाराने दाखवून दिले. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा कुठे हजार मेगावॉटची वाट खुली झाली. ट्रॉम्बेचे कोळशावरचे संच मात्र अजून चालूच आहेत. वाढती मागणी पुढे करून त्यांची मुदत वाढवली गेली आणि राख-धूर शेजारच्या माहुल-चेंबूरकरांच्या वाट्याला आला.

मुळशीपासूनचा धडा

मुंबईची वीज दुसऱ्यांच्या जमिनीवरून येते, याला शंभर वर्षे झाली. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमावर मुळशीचे धरण बांधायला घेतले, तेव्हा भाताची खाचरे बुडणाऱ्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्याच्या पुढे होते. तो १९२४ पर्यंत चालला आणि हरला. भिरा येथील वीजकेंद्र १९२७ मध्ये उभे राहिले, गिरण्या फिरल्या, मुंबई उजळली. मुळशीची माणसे मात्र विस्थापित झाली आणि त्यांच्या नातवंडांपर्यंत तो प्रश्न पुरला.

त्या विजेने महाराष्ट्राचे उद्योग घडवले, हे खरेच आहे. प्रश्न धरणापूर्वीच्या दिवसांचा आहे. जमीन कुणाची जाते, पाणी कुणाचे जाते आणि मोबदल्यात त्या गावात काय उरते, हे सगळे धरणाचा पाया खणण्याआधी ठरायला हवे होते. डेटा सेंटरच्या बाबतीत महाराष्ट्र आज त्या आधीच्या दिवसांत आहे.

पाण्याचा सरळ हिशेब

पाण्याचे बाष्पीभवन करून इमारत थंड ठेवण्याची पद्धत सर्वांत कमी वीज खाते. पण तिला पाणी किती लागते? एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते तेवढीच ते पाणी उचलते. हे भौतिकशास्त्र शाळेत शिकवतात. त्या नियमाने एक मेगावॉट उष्णता सतत काढायची, तर दिवसाला सुमारे ३५ हजार लिटर पाणी हवेत जाते. बारा हजार लिटरचे तीन टँकर. पन्नास मेगावॉटला दीडशे टँकर, रोज. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, तिच्यात पाच लाख लिटर पाणी होते. तशा साडेतीन गाड्यांचे पाणी असे केंद्र दिवसभरात संपवील.

सगळी केंद्रे असे करत नाहीत. हवेवर चालणारी शीतयंत्रे पाणी जवळपास घेत नाहीत, पण त्यांना वीज जास्त लागते. नव्या रॅकमध्ये द्रव थेट चिपपर्यंत नेऊन बंद नळ्यांत फिरवतात. म्हणजे पाणी वाचवले तर वीज वाढते, वीज वाचवली तर पाणी जाते. कोणत्या गावात काय परवडेल, हा निर्णय कंपनीच्या अभियंत्यावर एकट्यावर सोडण्यासारखा नाही. नवी मुंबई महापालिका ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाण्यावर वरच्या दर्जाची प्रक्रिया करून ते औद्योगिक पट्ट्याला देते. हा मार्ग शहराजवळ शक्य आहे, खेड्यात नाही.

मराठवाड्याने पाणी आणि वीज यांची गाठ सोसून पाहिली आहे. २०१३ च्या आणि पुन्हा २०१५ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. शेजारच्या बीड जिल्ह्यातले ते केंद्र, कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, फक्त पाणी नव्हते. २०१२-१३ च्या त्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होता.

वारा, ऊन आणि फीडर

आता धाराशिवकडे वळू. २०२३ मध्ये अॅमेझॉनने तिथल्या १९८ मेगावॉटच्या पवन प्रकल्पाची घोषणा केली. भारतातला तिचा तो पहिला पवन प्रकल्प. कंट्रोलएस या कंपनीने नागपूरकडे सौर प्रकल्प उभारून त्याची वीज नवी मुंबईतल्या आपल्या डेटा सेंटरसाठी घेतली. २०२२ च्या केंद्राच्या नियमांमुळे १०० किलोवॉट किंवा त्याहून मोठा भार असलेला कोणताही ग्राहक दूरच्या प्रकल्पाकडून हरित वीज थेट विकत घेऊ शकतो, वाहिनीचे भाडे आणि ठरलेले अधिभार भरले की झाले. मराठवाड्यात ऊन भरपूर आहे आणि हलकी जमीन स्वस्त आहे. त्यामुळे अशी मागणी इकडे वाढणार हे उघड आहे.

त्याच वेळी राज्याची दुसरी योजना चालू आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, गावाजवळच्या उपकेंद्राला लहान सौर प्रकल्प जोडून शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये या टप्प्यातला पहिला म्हणून सुरू झाला. जमीन दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ होते. ज्यांनी डिसेंबरच्या थंडीत रात्री दोन वाजता थ्री फेज लाईट आली म्हणून हातात बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या भीतीने गव्हाला पाणी दिले आहे, त्यांना दिवसाच्या विजेची किंमत ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. रस्त्यावरून जाताना दोन्ही प्रकल्प सारखेच दिसतात: तारेचे कुंपण, निळ्या पॅनेलच्या रांगा, एक पहारेकरी. पण एकाची वीज त्याच फीडरवर पंप चालवते आणि दुसऱ्याची वीज कागदोपत्री चारशे किलोमीटरवरच्या ग्राहकाच्या नावे जमा होते. सौर वीज दिवसा तयार होते आणि डेटा सेंटरला ती रात्रीही हवी असते. वर्षाची बेरीज जुळवून ‘आम्ही शंभर टक्के हरित’ असे कंपनी म्हणते, तरी रात्रीचा भार मुख्यतः कोळसाच उचलतो. तो भार खरोखर हरित विजेवर न्यायचा, तर साठवण हवी: बॅटऱ्या, किंवा घाटघरसारखे पाणी वर चढवून ठेवणारे २५० मेगावॉटचे केंद्र. त्या साठवणीचा खर्च डेटा सेंटरने उचलावा की महावितरणच्या सर्व ग्राहकांनी, हा वीज नियामक आयोगापुढचा येत्या काळातला खरा वाद आहे. त्यात शेतकऱ्याची बाजू मांडायला कुणीतरी हजर असले पाहिजे.

रोजगाराचेही स्पष्ट बोलायला हवे. जालन्याच्या सळईच्या भट्ट्या वीज भरपूर खातात, पण हजारो हातांना काम देतात. डेटा सेंटर बांधताना गवंडी, वायरमन, वेल्डर लागतात. ते सुरू झाल्यावर कायमची माणसे मोजकी. म्हणून केवळ नोकऱ्यांच्या आश्वासनावर जमीन आणि सवलती देणे हा तोट्याचा सौदा ठरेल.

काय मागायचे

युरोपीय संघाने ५०० किलोवॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरना वीज आणि पाणी किती वापरले, ते दरवर्षी कळवणे बंधनकारक केले आहे. पहिली आकडेवारी सप्टेंबर २०२४ पर्यंत द्यायची होती. महाराष्ट्राने नवी सवलत देताना हीच अट घालावी आणि आकडे केंद्रागणिक जाहीर करावेत. बाष्पीभवनासाठी पिण्याचे पाणी देऊ नये, प्रक्रिया केलेले सांडपाणीच द्यावे. आणि नव्या भारासाठी हरित विजेचा दावा वर्षाच्या बेरजेवर मान्य करू नये. तो तासागणिक तपासावा.

मराठवाड्याने याशिवाय एक मागणी स्वतःसाठी करावी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या डेजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीला आग लागली. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि लाखाहून अधिक कर्मचारी वापरत असलेल्या एका साठ्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती, तो जळून गेला. महाराष्ट्राचा सातबारा, फेरफार, पीक पाहणी, जन्ममृत्यूच्या नोंदी यांची एक प्रत समुद्रापासून, पुरापासून दूर, दख्खनच्या पठारावर असावी. छत्रपती संभाजीनगर-जालना पट्ट्यात औद्योगिक वसाहती आहेत, अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, समृद्धी महामार्ग आहे. काही मेगावॉटचे, हवेवर थंड होणारे, राज्याच्या मालकीचे केंद्र इथे शोभेल आणि पेलवेलही. त्यातून इथल्या मुलांना मुंबईला न जाता हे काम शिकता येईल.

आणि पंचक्रोशीतल्या ग्रामसभांपुढे सौर किंवा पवन प्रकल्पाचा भाडेपट्टा येईल, तेव्हा तीन गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात. पहिली, भाडे किती आणि ते दरवर्षी किती वाढणार. सरकारी योजनेच्या सव्वा लाखाच्या दराशी ते ताडून पाहावे. दुसरी, पॅनेल धुवायला पाणी कुठून आणि किती घेणार, विहीर की टँकर. तिसरी, या प्रकल्पाची वीज कुणाला विकली जाते, त्या ग्राहकाचे नाव आणि त्या वर्षातले युनिट, दर मार्चअखेर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचे. असे भाडेपट्टे पाव शतकाचे असतात. तिसरे कलम सही होण्यापूर्वी त्यात आले नाही, तर पुढच्या पिढीला ते माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारावे लागेल, आणि खासगी कंपनीला तो अधिकार थेट लागूही होत नाही.